तात्या, मार्गशीर्षातल्या त्या उधाणासाठी तुमचे आभार

ती. तात्यांस,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर लिहितेय. समोर उभं राहून आभार मानायला गेले, की तुम्ही "गप रव गो" म्हणता आणि जाळ्याची गोष्ट काढता. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. आमच्या देवबागेतल्या पुढच्या पोरांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

ओखी चक्रीवादळाला आता बरीच वर्षं झाली. नंतर 2019 च्या दिवाळीत क्यार आलं, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं. तौक्तेने तर झोडपूनच काढलं. त्यामुळे डिसेंबर 2017 ची आठवण आता कोणी फारशी काढत नाही. पण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते ओखीच्या वेळी शिकवलंत, आणि त्या वेळची गोष्टच वेगळी होती.

पावसाळ्यात आपला किनारा तयार असतो. होड्या वर ओढून शाकारलेल्या, मशिनं घरात, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी मांगरात, लाकडं पडवीत. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला आपण आपलं काही देत नाही. मार्गशीर्षात मात्र सगळं उघड्यावर असतं. होड्या पाण्यात, जाळी वाळूवर पसरलेली, अंगणात सुकत घातलेली मासळी, आणि आमच्यासारख्यांच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. डिसेंबर म्हणजे आमचा हंगाम. थंडी पडलेली, आकाश निळं. त्या शनिवारी कोणी वादळ म्हटलं असतं, तर वर बघून कोणालाच ते पटलं नसतं.

टीव्हीवर केरळ आणि कन्याकुमारीकडच्या बातम्या चालू होत्या. 30 नोव्हेंबरला ते चक्रीवादळ म्हणून जाहीर झालं, तोवर तिकडच्या कितीतरी होड्या खोल समुद्रात होत्या. शेकडो माणसं परत आली नाहीत. तिकडच्याच 68 बोटी 952 मच्छीमारांना घेऊन आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, आणि देवगडकरांनी त्यांना जेवूखाऊ घातलं. ती बातमी ऐकून तुम्ही जेवणाच्या पानावरून उठलात, असं काकीने मला नंतर सांगितलं. केरळचे खलाशी देवगडपर्यंत धावत आले, म्हणजे दर्या कसा असेल, हे तुम्हाला हवामानाच्या अंदाजाशिवाय कळलं होतं.

वादळ आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, लक्षद्वीपकडून गुजरातच्या दिशेने निघालेलं. बंदरात धोक्याचा बावटा लागलेला होता, पण बावटा फक्त होड्या आत ठेवायला सांगतो. कोणाच्या घरात पाणी कुठवर येईल, हे काही तो सांगत नाही. ते तुम्ही सांगितलंत. घरोघर फिरून, प्रत्येकाच्या पायरीशी उभं राहून. "वारो येवंदे नायतर नको येवंदे, पुनवेची भरती येतलीच," हे तुमचं वाक्य माझ्या अजून कानात आहे. रविवारी 3 डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा होती. तुम्ही आमच्या पडवीत बसून बोटांवर हिशेब करून दाखवलात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पाणी चढणार रात्री अकराच्या सुमाराला, काळोखात. लांबच्या वादळाच्या लाटा वाऱ्याच्या आधी पोचतात, आणि त्या उधाणावर बसून आल्या तर बंधाऱ्याला जुमानणार नाहीत. तुमचा सगळा बेत या एका वेळेभोवती रचलेला होता.

देवबाग कसं आहे हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर आम्ही. मालवणला जायचं तर तारकर्लीवरून जाणारा एकच रस्ता. रात्री त्या रस्त्यावर पाणी आलं तर कोणी कोणाला उचलून नेणार? म्हणून तुम्ही म्हणालात, "उजेड असा तोपर्यंत म्हातारी माणसां हलवा." माझ्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. त्या घर सोडायला तयार नव्हत्या. तुम्ही त्यांच्या खाटेशी बसलात आणि वादळाचं नावसुद्धा काढलं नाहीत. "वयनी, दोन दिवस माहेरपणाक जावन येवा," एवढंच म्हणालात. त्या हसल्या, आणि दुपारी चारच्या आत त्यांना आम्ही रिक्षातून मालवणात नणंदेकडे पोचवलं. ते हसू मी विसरणार नाही, तात्यानू. त्याआधी कित्येक दिवसांत त्या हसल्या नव्हत्या.

पाहुण्यांचंही तुम्हीच सोपं केलंत. पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांना रविवारी डॉल्फिन बघायला जायचं होतं. मी त्यांना कसं सांगू या विचारात होते, आणि मनात आगाऊ घेतलेल्या पैशांचाही हिशेब चालू होता. तुम्ही त्यांना किनाऱ्यावर नेलंत आणि लाटा मोजायला लावल्यात. दोन लाटांमधलं अंतर कसं वाढलंय, लाट फुटताना वाळू किती आतून उचलतेय, हे त्यांना दाखवलंत. त्यांनी स्वतःहून सामान बांधलं. पुढच्या वर्षी तेच कुटुंब परत आलं आणि पहिल्यांदा तुमची चौकशी केली.

होड्यांचं काम तर बघण्यासारखं होतं. समुद्राच्या बाजूच्या सगळ्या होड्या खाडीत आणायच्या ठरल्या. पोरांनी त्या आणल्या आणि सवयीप्रमाणे दोर गच्च आवळून बांधल्या. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून एकेक दोर परत सोडलात. "भरतीक होडी वर चढतली, तेव्हा तिका दोर होयो," म्हणालात. गच्च बांधलेली होडी पाणी चढलं की एका अंगाला कलते, नाकाकडून पाणी पिते आणि बुडते. तुम्ही प्रत्येक होडीला दोन नांगर टाकायला लावलेत, दोरांची लांबी हातांनी मोजलीत, आणि मशिनं काढून खांद्यावरून घरी नेववलीत. रापणीचं जाळं उचलायला वाडीतल्या बायासुद्धा आल्या. एरवी त्या जाळ्याला हात लावायची आमच्यावर पाळी येत नाही.

आणि विहिरी! त्या कोणाच्याच ध्यानात नव्हत्या. घर पुसून घेता येतं, पण विहिरीत एकदा खारं पाणी शिरलं की पुढचा पाऊस चांगला धुऊन काढेपर्यंत ते पाणी तोंडात घेववत नाही. पाऊस तर सहा महिने लांब. तुम्ही आधी सगळ्यांना हंडे, पिंपं, कळश्या, असेल ते भरून ठेवायला सांगितलंत. मग विहिरींच्या कठड्याभोवती वाळूच्या गोण्या रचायला लावल्यात आणि वरून ताडपत्री बांधून घेतलीत. आमच्या विहिरीचा कठडा एका बाजूने खचलेला आहे. तिथे तुम्ही स्वतः बसून गोण्यांच्या फटींत चिखल लिंपलात. तुमच्या नखांत तो चिखल दुसऱ्या दिवशीही होता. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आम्ही आमच्याच विहिरीचं गोडं पाणी प्यायलो. हे मी रोज पाणी शेंदताना मनात म्हणत होते, आज लिहिते.

रात्री लाटा बंधाऱ्यावरून आल्या. मोठ्या भिंतीसारख्या नव्हे, तर फेसाळ पाणी दगडांच्या फटींतून सळसळत आलं आणि माडांच्या बुंध्यांशी फिरत राहिलं. आमच्या अंगणात तुळशीपर्यंत चढलं. गुरांची दावी सोडलेली, मेन स्विच बंद, रेशनकार्ड आणि सातबारा माळ्यावर डब्यात. करायचं काही उरलंच नव्हतं. तुम्ही अंगणात काठी रोवून बॅटरीच्या उजेडात पाण्याची खूण बघत होतात. बारा वाजून गेल्यावर म्हणालात, "सुकती लागली. च्या ठेव." ओहोटी सुरू झाली होती. त्या रात्री चहा प्यायला आमच्या पडवीत अर्धी वाडी होती.

मग पंचनामे झाले. ज्यांचं गेलं त्यांची नोंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांचं वाचलं त्यांची नोंद कुठेच झाली नाही, आणि ते कोणामुळे वाचलं हे विचारायलाही कोणी आलं नाही. आपल्याकडे वादळानंतर दौरे होतात, वादळाच्या आदल्या दिवशी घरोघर फिरणाऱ्याकडे कोणी बघत नाही. मला याचा अजून राग येतो. तुम्हाला येत नाही, हे मला माहीत आहे.

क्यारच्या वेळी तुम्ही आजारी होतात, तरी वाडीतल्या पोरांनी कोणी न सांगता होड्या खाडीत आणल्या आणि दोर ढिले सोडले. तौक्तेच्या वेळी गोण्या आधीच भरलेल्या होत्या. हे सगळं तुमचं आहे.

सासूबाई आता नाहीत. जाण्याआधी त्या तुमच्याबद्दल मला म्हणाल्या होत्या, "त्येंका माजो नमस्कार सांग." तेव्हा सांगायचा राहिला, तो आज या पत्रातून सांगते. आणि एक मागणं आहे. पाऊणपटीचा हिशेब आमच्या पिढीला येतो, पण लाटेवरून दर्या ओळखायला अजून येत नाही. थंडी पडली की संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन बसा. मी पोरांना घेऊन येते, माझ्या लेकीला वही घेऊन तुमच्याशेजारी बसवते. तुम्ही बोला, ती लिहून घेईल.

तुमची,
पडवीवाली सून