दुर्मिळ मासा आणि संधीचे गणित

महोदय,

'फिशिंग प्लॅनेट'सारख्या ऑनलाइन मासेमारीच्या खेळात 'युनिक' (सर्वात दुर्मिळ) वर्गातला मासा केवळ नशिबाने गळाला लागतो, हा समज मला मनापासून खटकतो. आमिष, गळाचा आकार, पाण्याची खोली आणि दिवसाची वेळ यांचा मेळ बसवावा लागतो. मोठ्या माशाने ओढ घेतली की रीळचा ताण वेळीच सैल सोडावा लागतो, नाहीतर दोर तुटतो, आणि ही जाण सरावानेच येते. उरते ती संभाव्यता. प्रत्येक प्रयत्नात शक्यता १ टक्का धरली, तर १०० प्रयत्नांनंतरही रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. नवखे खेळाडू निराश होऊन महागडे साहित्य विकत घेण्यापूर्वी हे प्रमाण खेळातच स्पष्ट दाखवले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक नियमित खेळाडू