सुया टोचून घ्या, पण वहीत आकडे लिहून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीपासून घडांच्या विरळणीपर्यंत दिंडोरी-निफाडकडचे मजूर नि बागायतदार मांडवाखाली मान वर करून राबतात. मान-खांदे धरतात, दुखणे तीन महिन्यांपुढे रेंगाळते आणि कोणीतरी ॲक्युपंक्चर सुचवते. त्याने फरक पडतो का?

पडतो, पण माफक. २०१२ साली २९ चाचण्यांतल्या जवळपास १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात पाठ, मान, खांदा, गुडघ्याची झीज, जुनी डोकेदुखी असे सगळे होते. संशोधकांनी दिलेले उदाहरण असे: शंभरात ६० वेदना असेल, तर सुयांशिवाय ती ४३ वर येईल, खोट्या (उपचाराचा नुसता देखावा करणाऱ्या) सुयांनी ३५ वर आणि खऱ्या सुयांनी ३० वर. खऱ्या-खोट्यातला फरक जेमतेम पाचाचा. तरी रात्री कूस बदलताना कळवळणाऱ्याला ४३ आणि ३० यांतले अंतर कळते, म्हणून ही पद्धत टाकाऊ म्हणवत नाही. ‘झीज भरून येते’, ‘मणक्यातली गादी जागेवर बसते’ हे मात्र निव्वळ जाहिरातीचे बोल.

सुरू करण्याआधी आठवडाभर रोज रात्री वेदना ० ते १० मध्ये वहीत लिहा. झोप किती लागली तेही. आठवड्यातून एक-दोन वेळा, दर वेळी २० ते ३० मिनिटे पुरतात. सहा वेळा झाल्या की वही उघडा. आकडा दोनानेही उतरला नसेल तर थांबा. मग वीस वेळांचे पैसे आगाऊ कशाला भरायचे? आराम पडला तर त्याच दिवसांत मान-खांद्याचे व्यायाम उरकावेत. नुसत्या सुयांवर विसंबलेल्यांचे दुखणे पुढच्या छाटणीला परत येऊ शकते.

सुईचे पाकीट तुमच्यासमोर फुटले पाहिजे. ‘तुमच्याच सुया धुऊन ठेवतो’ म्हणणाऱ्याकडून उठून यावे, कारण कावीळ ‘बी’ असल्या सुयांतून पसरू शकते. मान आणि खांद्यामधला मांसल उंचवटा, नेमका बागेत धरणारा, सर्वांत जोखमीचा. त्याखाली फुप्फुसाचे टोक असते. तिथे सुई सरळ खोल न घालता स्नायू चिमटीत उचलून उथळ घालतात. नंतर, अगदी काही तासांनीही, छातीत कळ आली किंवा दम लागला तर तडक रुग्णालय गाठावे. उपाशीपोटी जाऊ नये, चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. पेसमेकर असल्यास सुयांना वीज जोडू देऊ नये.

राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, तेव्हा सुया टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

आणि पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, घटते वजन असेल तर आधी मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी. पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर सुया नकोत, त्याच दिवशी रुग्णालय.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक