बोर्ड गेला नव्हता: तपकीर गल्लीतल्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. पण पुण्याच्या बुधवार पेठेत ज्यांचा वावर आहे ते तुम्हाला ओळखतील, आणि जे ओळखत नाहीत त्यांना निदान एवढं तरी कळावं की तपकीर गल्लीत एका अरुंद जिन्याच्या वर असं काम आजही होतं. तुमच्या हातून उभ्या राहिलेल्या कॉम्प्युटरवर दिवाळी अंकाचं शेवटचं पान लागलं आणि अंक छपाईला गेला. तुमचे आभार नुसते तोंडी मानून माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र.

नारायण पेठेत घरातूनच माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं, काम चालतं. तुमच्याकडे आणलेला तो डबा बाहेरच्या माणसाला भंगार वाटेल: कोअर टू ड्युओ, डीडीआर२ रॅम, त्यावर विंडोज एक्सपी आणि पेजमेकर. पण त्याच्या पाठीमागे एलपीटी पोर्ट, म्हणजे जुन्या प्रिंटरचा पोर्ट आहे आणि त्या पोर्टात माझ्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डाँगल बसवलेलं आहे. ही त्या सॉफ्टवेअरची किल्लीच, तिच्याशिवाय ते चालत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या छोट्या प्रकाशकांची कितीतरी पुस्तकं त्याच फॉन्टात जुळवलेली आहेत. आवृत्ती संपली की प्रकाशक म्हणतात, "ताई, तेवढ्या दोन दुरुस्त्या करून द्या." त्या दोन दुरुस्त्यांसाठी तीच फाइल, तोच फॉन्ट आणि तेच डाँगल लागतं. मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो, नेतेही. पण रफार उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात, तक्ते विस्कटतात आणि सगळ्या पुस्तकाची प्रुफं पुन्हा वाचावी लागतात. हल्लीच्या बोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतो. यूएसबीला लावायची ती कन्व्हर्टर केबल प्रिंटरपुरती ठीक, डाँगल तिला ओळख देत नाही. त्यामुळे "जुनं झालंय, नवीन घ्या" हा सल्ला माझ्या कामाचा नव्हता.

आणि नेमका तोच सल्ला मला आधी मिळाला होता. आषाढात पावसाने जोर धरला तसं मशीन सकाळी कुरकुर करू लागलं. बटण दाबलं की पंखा जेमतेम अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा पुन्हा दाबलं की कधीतरी चालू व्हायचं, आणि एकदा चालू झालं की रात्रीपर्यंत तक्रार नाही. श्रावणात एका सकाळी ते चालू झालंच नाही. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने बोर्डवर मीटर लावला, मीटर वाजला, आणि निकाल लागला: "बोर्ड शॉर्ट आहे. मदरबोर्ड गेला. हा आता मिळत नाही." दिवाळी अंकाची निम्मी पानं लागलेली होती, काका. त्या संध्याकाळी माझ्या पोटात गोळा आला होता.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. आधी विचारलंत, "पूर्ण मेलंय की झटका देऊन थांबतंय?" मग, "सकाळी जास्त त्रास, दुपारी कमी, असं होतं का?" मी हो म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत आणि डबा टेबलावर घेतलात. तो प्रश्न किती नेमका होता ते मला तासाभराने कळलं. हा प्रश्न तोवर मला कुणी विचारलाच नव्हता.

पुढे तुम्ही जे केलंत त्यातली प्रत्येक पायरी मला सांगत केलीत. "टॉर्च धरा ताई, आणि इथे बघा," म्हणत मला स्टुलावर बसवलंत. बोर्डवरचा बारीक हिरवा दिवा लागलेला आहे, म्हणजे भिंतीतून वीज येते आणि एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, ५ व्होल्टचा स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) जिवंत आहे. ती जांभळी वायर. मग २४ पिनांचा प्लग काढून हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडलीत, लोड म्हणून एक जुनी हार्ड डिस्क लावलीत आणि एसएमपीएस एकटा चालवलात. पिवळ्या वायरवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची वायर ११.४ च्या खाली जाता कामा नये. आकडे बरोबर आले तरी तुम्ही खूश झाला नाहीत. "हलक्या लोडवर सगळेच शहाणे असतात," म्हणून तुमच्याकडचा खात्रीचा एसएमपीएस माझ्या बोर्डाला लावलात. तोच झटका, मग गप्पगार. तेव्हा कुठे तुम्ही म्हणालात, "आता बोर्डकडे बघायचं."

बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवलात, कारण खालची पितळी खुंटी चुकीच्या जागी टेकली तरी हेच लक्षण दिसतं. बटणच खराब असू शकतं, म्हणून बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टेकवल्यात. रॅम काढलीत, छोटा स्पीकर लावलात. रॅम नसेल तर धडधाकट बोर्डाने बीप देऊन ओरडायला हवं. हा ओरडलाच नाही. आणि मग प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा १२ व्होल्टचा प्लग काढलात. पंखा फिरू लागला आणि फिरतच राहिला! मला वाटलं, झालं, दुरुस्त झालं. तुम्ही समजावलंत की हा प्लग काढला की प्रोसेसरला वीजच मिळत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर चालू होणार नाही. पण एसएमपीएस आता बंद पडत नाही, याचा अर्थ दुखणं त्या वाटेवर कुठेतरी आहे. एवढ्या मोठ्या बोर्डाचा एक कोपरा उरला.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहितेय ती. तुम्ही त्या कोपऱ्यातल्या कॉइलवर मीटर लावलात आणि तो वाजला. माझं तोंड उतरलं, कारण हाच आवाज मी आधी ऐकला होता. तुम्ही म्हणालात, "ताई, बीप वाजला म्हणजे शॉर्ट नव्हे." प्रोसेसर बसवलेला असताना त्याच्या मुख्य लाइनचा ग्राउंडशी रोध मुळातच फार कमी असतो. ६५ वॉटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टच्या आसपास चालतो, म्हणजे भर कामात ५० अँपिअरच्या घरात करंट ओढतो. एवढा करंट घेणाऱ्या लाइनवर रोध कमी असणारच. मीटरचा बझर तर साधारण वीस-पन्नास ओहमच्या आत काहीही आलं की वाजतो. तुम्ही प्रोसेसर उचललात, तिथेच पुन्हा मीटर लावलात. नाही वाजला. त्या लाइनचा करंट चालू-बंद करणारे मॉसफेट तपासलेत, एकही शॉर्ट नाही. माझा प्रोसेसर तुमच्या चाचणीच्या बोर्डावर बसवलात, तो व्यवस्थित चालला. भिंगातून सॉकेटच्या केसासारख्या पिना पाहिल्यात, एकही वाकलेली नव्हती.

त्या एका बीपवर माझा बोर्ड भंगारात निघाला होता, काका. किती जणांचे निघत असतील!

मग कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे ते छोटे नळकांडे. प्रोसेसरच्या कडेने उभ्या असलेल्या त्या ओळीवर तुम्ही माझा टॉर्च आडवा धरायला लावलात. वरून प्रकाश पाडला तर सगळे सारखेच दिसत होते. आडव्या उजेडात दोघांची डोकी फुगलेली स्पष्ट दिसली, आणि एकाच्या फुलीच्या चिरेत तपकिरी कवच धरलेलं होतं. डोक्यावरची ती फुली मुद्दाम कापलेली असते, आत वायू साठला तर कपॅसिटर फुटण्याऐवजी तिथून उघडावा म्हणून, हेही तेव्हाच कळलं. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या बोर्डांवर असे कपॅसिटर वेळेआधी फुगले, आतलं इलेक्ट्रोलाइट सदोष होतं म्हणून, आणि पुढे चांगल्या बोर्डांवर पॉलिमरचे घन कपॅसिटर आले, हा इतिहास तुम्ही सोल्डरिंग आयर्न गरम होईपर्यंत सांगितलात. माझ्या बोर्डावरचे नुसते वयाने आणि प्रोसेसरच्या उष्णतेने सुकले होते.

तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. सुकत चाललेल्या कपॅसिटरचा आतला रोध (ईएसआर) वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. चांगल्याचा रोध ओहमच्या काही शतांशांत असतो. तुमच्या ईएसआर मीटरवर माझ्या फुगलेल्याचा त्याच्या कितीतरी पट आला. असा कपॅसिटर करंटचा धक्का पेलू शकत नाही, व्होल्टेज डगमगतं आणि संरक्षण म्हणून सगळं बंद होतं. दिवस चढला, बोर्ड जरा ऊबदार झाला, की तोच कपॅसिटर कसाबसा काम निभावतो. म्हणून सकाळचा त्रास, म्हणून पावसाळ्यात जास्त. मला तोवर वाटत होतं की दमटपणाने काहीतरी झालंय.

दोनच फुगलेले असताना तुम्ही आख्खी ओळ बदललीत. "एका वयाचे, एका तापात राहिलेले. आज हे, उद्या ते." ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड, १०५ अंशांचे, कमी ईएसआरवाले. नुसता आकडा जुळणारे स्वस्तातले कपॅसिटर गल्लीत हवे तेवढे मिळतात, तरी तुम्ही दुकानातल्या शिकाऊ मुलाला चांगल्या कंपनीचे आणायला पाठवलंत. काढायच्या आधी फोटो काढलात, कारण ऋण बाजूची खूण सगळ्याच बोर्डांवर सारखी छापलेली नसते आणि उलटा बसला तर फुटतो. आणि ते डिसोल्डरिंग! बोर्डाच्या आतले तांब्याचे थर सगळी उष्णता ओढून घेतात, त्यामुळे जुनं कथील लवकर वितळत नाही. तुम्ही आधी त्यावर ताजं कथील चढवलंत, दोन्ही पायांवर आळीपाळीने सोल्डरिंग आयर्न टेकवत कपॅसिटर हळूच डोलवलात आणि तो आपसूक सुटला. कुठेही ओढाताण नाही. घाई केली तर भोकाच्या आतलं अस्तर उपटून येतं आणि मग बोर्ड खरोखरच जातो, असं तुम्ही त्या शिकाऊ मुलाला सांगत होतात. मी श्वास रोखून ऐकत होते.

चालू झालं तेव्हा त्या छोट्या स्पीकरमधून एकच बीप आला, सगळं ठीक असल्याचा. तुम्ही त्याकडे फारसं लक्षही न देता सीआर२०३२ सेल मोजलात. ३ व्होल्टचा सेल अडीचच्याही खाली गेला होता, तो बदललात. सेल बदलल्यावर सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून हार्ड डिस्क जोडायच्या साटाचा मोड एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर आणलात, नाहीतर माझं एक्सपी निळा पडदा दाखवून बसलं असतं. एलपीटी पोर्टचा पत्ता ३७८ आहे ना तेही पाहिलंत, आणि मगच "डाँगल लावा" म्हणालात. पेजमेकरमध्ये फाइल उघडली, सगळे रफार जागच्या जागी. मला काही बोलवेना, म्हणून तेव्हा नीट आभार मानायचे राहिले.

तुम्ही पैसे घेतलेत ते कपॅसिटरचे, सेलचे आणि डागकामाचे. दोष शोधायला जो वेळ गेला त्याचे विचारले तर म्हणालात, "ते तर बघावंच लागतं." काका, ते बघणं हेच सगळ्यात मोठं काम होतं. कथील कुणीही वितळवेल. कुठे वितळवायचं ते तुम्ही शोधलंत, आणि शोधताना मला सोबत नेलंत. परवा आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाचा कॉम्प्युटर पडद्यावर काहीच दाखवेना. आईवडील नवीन घ्यायच्या गोष्टी करत होते. मी टॉर्च घेऊन गेले. हिरवा दिवा होता, पंखा फिरत होता, थांबत नव्हता. म्हणजे माझ्यासारखं दुखणं नाही. प्लग भिंतीतून काढला, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, चुरा ब्रशने झटकला, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबून बसवली. चालू झाला. त्या मुलाच्या आईने माझे आभार मानले, ते मी तुमच्याकडे पोचते करते.

तुम्ही बजावल्याप्रमाणे हार्ड डिस्कची आख्खी इमेज घेऊन दोन ठिकाणी ठेवली आहे. जुन्या बाजारात त्याच सॉकेटचा, एलपीटी पोर्ट असलेला एक बोर्डही सापडलाय. आडवा टॉर्च धरून पाहिला, डोकी सपाट दिसली, म्हणून घेतला. अंक छापून आला की तुमची प्रत घेऊन येते, तेव्हा तो बोर्डही आणते. त्याची ओळ एकदा ईएसआर मीटरवर बघून द्या, आणि या वेळी बघण्याचेही पैसे घ्या.

आपली कृतज्ञ,
नारायण पेठेतली डीटीपीवाली ताई