पेनांगच्या ताईंना, जॉर्जटाऊन पायी फिरवून पोटभर खायला घातल्याबद्दल

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकला की आभार मानून झाले असं हल्ली असतं, पण तुमच्या बाबतीत तेवढ्यावर भागवणं मला काही पटेना, म्हणून हे लांबलचक आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. सिंगापूरहून क्रूझ घेणारे आपले लोक आता बरेच झालेत, त्यातल्या कुणाच्या वाट्याला मलेशियातलं पेनांग बेट आलं तर त्यांनी अख्खा दिवस बसच्या काचेतून बघण्यात घालवू नये, हाही एक हेतू आहेच.

तशी तुमची-आमची ओळख ती काय! माझ्या चुलतजावेची तुम्ही कॉलेजातली मैत्रीण, एवढंच. तिने नंबर दिला आणि मी घाबरत घाबरत मेसेज केला की दिवाळीच्या सुट्टीत येतोय, जहाज सकाळी लागतंय आणि संध्याकाळी सुटतंय, सोबत सासूबाई आहेत, त्यांचा चातुर्मास चालूय म्हणजे कांदा-लसूण बंद, गुडघे दुखतात, तर काय काय बघता येईल. मला वाटलं दोन-चार लोकेशन पाठवाल. तुम्ही उलट विचारलंत, "वांगं चालतं का त्यांना?" तिथेच मी नवऱ्याला म्हटलं, ही बाई कामाची आहे. आणि वर बायन लेपासच्या कंपनीतून रजा टाकून स्वतः धक्क्यावर हजर!

जहाजावरच्या डेस्कवर पेनांग हिल आणि केक लोक सी मंदिराची टूर होती. जागा चांगल्याच आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण माणशी पैसे ऐकून नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला आणि परत खिशात ठेवला. त्यात सगळा वेळ बसमध्ये, आणि जेवायला परत जहाजावरच. आमचं जहाज लागलं त्या स्वेटनहॅम पिअरचं (धक्क्याचं) सुख हे की गेटबाहेर पडलं की गाव, म्हणजे जॉर्जटाऊन, सुरू. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून १८९७ साली बांधायला घेतलेला तो ६० फुटी घड्याळाचा मनोरा तर जवळजवळ धक्क्याच्या दारातच उभा आहे. आम्ही फोटो काढायला थांबणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हे येताना. आधी लांब जायचं आणि मग खात खात बंदराकडे यायचं, म्हणजे जहाज सुटायची भीती नाही आणि पाय दुखेपर्यंत जहाज जवळ आलेलं असतं." ताई, हे एवढं साधं गणित एकाही ट्रॅव्हलवाल्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. गावात फिरणारी ती कॅट बस फुकट आहे हेही नाही. बसने कोमटार टॉवरच्या बाजूला उतरलो, सासूबाईंचे गुडघे ताजे, पोट रिकामं (जहाजावरच्या बुफेला हात लावायचा नाही ही तुमची सक्त ताकीद, आणि सासऱ्यांनी तरी चोरून दोन टोस्ट खाल्ले होते, ते आता सांगते) आणि पुढे चौरस्ता मार्केट.

मार्केटात तुम्ही जायफळाचं दुकान दाखवलंत तिथे सासूबाई जे थांबल्या ते हलेचनात. श्रीखंडात किसून टाकायचं तेवढंच जायफळ आम्हाला माहीत. इथे त्याच्या बाहेरच्या जाड फळाचं सगळं काही, सुकवलेलं, साखरेत मुरवलेलं, मिठातलं, शिवाय पांढरट रंगाचं थंडगार सरबत. ईस्ट इंडिया कंपनीने मसाल्याच्या व्यापारात डचांना शह द्यायचा म्हणून इथे जायफळाची लागवड केली, हे तुम्ही त्या दुकानात बरण्या बघता बघता सांगितलंत म्हणून डोक्यात राहिलं, नाहीतर कंपनीचा माणूस फ्रान्सिस लाइट १७८६ ला इथे आला वगैरे मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

मग ते चेंडोल. गल्लीत उभ्या उभ्या वाटी हातात घ्यायची, वर बर्फाचा कीस, नारळाचं दूध, हिरव्यागार तांदळाच्या शेवया आणि गोव्यात मिळतो तसा माडाचा काळा गूळ. सगळं ठीक चाललं होतं आणि सासूबाईंना तळाशी राजमा लागला. गोडात राजमा! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच टाकलाय. पण वाटी चाटूनपुसून संपवली, हे तुम्ही पाहिलंतच.

आता असाम लक्सा. ह्याच्यासाठी वेगळं पत्र लिहायला हवं खरं तर. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, मासा म्हटलं की मी जरा शहाणपणा करायला जाते, तेव्हा तुम्ही काही न बोलता वाडगा पुढे ठेवलात आणि म्हणालात, ओळख. पहिल्या चमच्याला आंबट, दुसऱ्याला तिखट, आणि मग खालून वर आला तो बांगडाच की हो! उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यातच घातलेला. वर काकडी, अननस, पुदिना, कच्चा कांदा आणि ते गुलाबी फूल बारीक चिरलेलं, आल्याच्या कुळातलं, ज्याचा वास मला अजून नाकात आहे. बाजूला चमच्यात काळी घट्ट कोळंबीची चटणी, ती एकदम कालवायची नाही, थोडी थोडी रश्श्यात सोडत जायची. आंबटपणा कशाचा विचारलं तर तुम्ही स्टॉलवरच्या मावशीकडून सुकवलेल्या चकत्या मागून आणून हातावर ठेवल्यात. आपल्या कोकमाच्याच गोत्रातलं फळ. मी म्हटलं, म्हणजे आईच्या हातची बांगड्याची कढी इथे येऊन भाताच्या शेवयांवर बसलीये. त्या मावशींना तुम्ही ते मलायमध्ये सांगितलंत आणि त्यांनी मला फुकट अर्धा पळी रस्सा वाढला. नारळ मात्र नाही त्यात, हा एक फरक.

हे सगळं चालू असताना सासूबाई काय खाणार हे टेन्शन मला होतंच. बाहेरदेशी व्हेज म्हणून सांगितलं तरी नुसत्या भाजीत सुकी कोळंबी निघते, नूडल्स डुकराच्या चरबीत परततात, चटणीत बेलाचान (कोळंबीचा आंबवलेला गोळा) असतंच. म्हणून दरवेळी सासूबाई जहाजावर फळं आणि ब्रेड खाऊन दिवस काढतात आणि वर "मला भूकच नाही" म्हणतात. तुम्ही त्यांना सरळ चिनी शाकाहारी खानावळीत नेलंत. बौद्ध लोकांचं जेवण, कांदा नाही, लसूण नाही, ते त्यांच्यातही वर्ज्यच. अंडं कशात आहे तेवढं तुम्ही एकेका ट्रेकडे बोट दाखवून विचारून घेतलंत. आपल्या हाताने ताटात भात घ्यायचा, समोरच्या वीस-पंचवीस भाज्यांतून हवं ते वाढून घ्यायचं आणि गल्ल्यावरची बाई ताटाकडे एक नजर टाकून किंमत सांगते, वजनकाटा नाही की काही नाही. सासूबाई खूश. तेवढ्यात त्यांना ट्रेमध्ये चक्क मासा दिसला, खवल्यांसकट! त्या दोन पावलं मागे. तुम्ही हसत हसत सांगितलंत की सोयाबीनचा आहे, वरची काळी साल म्हणजे समुद्री शेवाळ. त्याच्या बाजूच्या वांग्यावर मात्र तुम्ही त्यांचा हात जाऊच दिला नाहीत! बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच दिवसांत इथले चिनी लोक नऊ सम्राट देवांचा उत्सव करतात आणि नऊ दिवस शाकाहार पाळतात, हे ऐकल्यावर तर सासूबाईंनी त्या गल्ल्यावरच्या बाईला नमस्कारच केला. आता इथे सोसायटीत सगळ्यांना सांगत असतात, चिनी लोक फार सोवळे असतात म्हणून. मी दुरुस्त करत नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर त्याला त्या चार क्वे त्यावच्या गाडीवरून उठवणं अवघड झालं होतं. कोळशाची शेगडी, कढई लालभडक, एका वेळी एकच प्लेट. पाच माणसांची ऑर्डर असली तरी पाच वेळा वेगळं परतायचं, कारण कढईत जास्त माल पडला की पाणी सुटतं आणि तो जळका वास येत नाही. तो म्हातारा बाबा एका हाताने हवा घालत होता, दुसऱ्या हाताने तांदळाच्या चपट्या नूडल्स उडवत होता, कोळंबी, शिंपल्या, मोड आलेले मूग, अंडं, झालं, दोन मिनिटांत पानावर. दहाएक रिंगिट, म्हणजे आपले दोनेकशे रुपये. आणि तुमचा तो नियम, चौघांत एकच प्लेट, कितीही आवडलं तरी दुसरी मागवायची नाही, त्यावर नवऱ्याने तोंड वाकडं केलं होतं पण पुढे नासी कांदार बघितल्यावर त्याला नियम पटला. बंदरावरच्या हमालांना तमिळ मुसलमान लोक कावडीतून भात आणि रस्से नेऊन विकायचे त्याचं हे आताचं रूप, आणि चार-पाच रस्से एकाच भातावर एकमेकांत मिसळून ओततात ते बघून सासरे म्हणाले, हे तर लग्नाच्या पंगतीत शेवटी उरतं तसं दिसतंय. चव घेतल्यावर गप्प.

बारीकसारीक किती गोष्टी तुम्ही सांगत होतात. टेबल पकडायचं, नंबर लक्षात ठेवून मग स्टॉलवर जाऊन सांगायचं, पैसे प्लेट आली की द्यायचे, बसलो आहोत तर जागेच्या मालकाकडून काहीतरी प्यायला मागवायचंच (आंबाड्याचा ज्यूस, वर खारवलेला सुका प्लम, अहाहा), टिश्यू आपला आपण न्यायचा, सुटे रिंगिट जवळ ठेवायचे. पाऊस आला तेव्हा दुकानांपुढच्या त्या झाकलेल्या पडवीतून चालायचं, मध्येच कुणी स्कूटर लावलेली असली की रस्त्यावर उतरून परत चढायचं, आणि सासूबाईंसाठी तुम्ही दर शंभर पावलांवर कुठली तरी पायरी, कुठलं तरी देऊळ बसायला शोधून ठेवलेलं. हे माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडलं हो. ह्याच रस्त्याने तुम्ही आधी एकदा फक्त बसायच्या जागा बघत चालून गेला होतात, हे मला नंतर जावेकडून कळलं.

बाकीचं भराभर झालं, कपितान केलिंग मशीद, १८३३ चं महामारियम्मन मंदिर, लिटल इंडियातल्या दिवाळीच्या माळा. सायकलवरच्या मुलांचं ते भिंतीवरचं चित्र आम्ही गर्दी बघून सोडून दिलं, काही वाईट वाटलं नाही. जॉर्जटाऊन २००८ ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते ह्या सगळ्या जुन्या गल्ल्यांमुळे, पण युनेस्कोवाल्यांनीही मधे कुठेतरी चेंडोल खाल्लं असणार असं माझं मत आहे.

तुम्ही पैशाला हात लावू दिला नाहीत, त्यावर नवरा अजून चरफडतोय. म्हणून ह्या मेमध्ये तुम्ही ठाण्याला येणार आहात तेव्हा पाकीट घरी ठेवून यायचं, मामलेदार मिसळीपासून सुरुवात आणि पुढचा बेत माझा. वेंगुर्ल्याहून कोकम येतंय, सुके बांगडे नेऊ देतील की नाही ते तुम्हीच तिकडच्या कस्टमच्या नियमात बघा. सासूबाई गोडा मसाला करायला घेणार आहेत, अर्धा किलो पुरेल की एक किलो करू, तेवढं रविवारच्या आत कळवा, कारण धणे आणायचेत.

तुमची,
चुलतजावेच्या कृपेने झालेली मैत्रीण