फुकटात विमानं देणाऱ्या अनोळखी दोस्तांनो, थँक्यू!

आमचं गाव परभणीकडचं, विमान म्हणजे वरून जाणारा पांढरा ठिपका, एवढीच ओळख. २००६ ला दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर २००४ (विमान उडवायचा कॉम्प्युटर गेम) आलं अन् कुणीतरी हौसेनं केलेली इंडियन एअरलाइन्सची रिपेंट (म्हणजे गेममधल्या विमानाला त्या कंपनीचा रंग) नेट कॅफेतून पेनड्राइव्हवर आणली, टेक्स्चरचं म्हणजे रंगाच्या चित्रांचं फोल्डर टाकलं, एअरक्राफ्ट डॉट सीएफजी ह्या विमानाच्या माहितीच्या फाइलीत चार ओळी चिकटवल्या, तरी विमान यादीत काही दिसंना राव! झालतं काय, त्या ओळींत एफएलटीसिम ह्या शब्दापुढं अनुक्रमांक असतो, तिथं मी परत शून्यच ठेवला होता, खरं तर पुढचा नंबर द्यायला पाहिजे. हे सोबतच्या रीडमी ह्या सूचनांच्या फाइलीत लिहिलेलं होतं, पण ती वाचतंय कोण. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव पण टाकलं नव्हतं.

आता सोपंय, २०२० च्या सिम्युलेटरात झिप उघडून कम्युनिटी नावाच्या फोल्डरात टाकलं की झालं, अन् फ्लायबायवायर ह्या हौशी मंडळींच्या गटाचं एअरबस ए-३२० निओ तर एवढं भारी असून फुकट, सोर्स कोडसकट!

तुम्ही कोण, कुठले, काय म्हायती नाही, पण नोकरी करून रात्री जागून हे केलं असणार. लई थँक्यू. आज परत सिम्युलेटरात संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरायलोय, लाइट नाही गेली तर.