तारीख नसलेले रक्ताचे मेसेज

मा. संपादक,

‘अर्जंट! बी निगेटिव्ह रक्त हवे, प्लीज शेअर करा’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत फिरत असतात. बहुतेकांवर तारीखच नसते. रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. आणि खरी निकड असलेला मेसेजही ‘जुनाच असेल’ म्हणून लोक सोडून देतात.

लिहिणाऱ्याने तारीख, ‘अमुक वाजेपर्यंत’ ही मुदत, रुग्णालय, रक्तकेंद्र, रक्तगट आणि पिशव्यांची संख्या द्यावी. लाल पेशी हव्यात, प्लेटलेट्स की प्लाझ्मा, हे तर हमखास राहून जाते. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. ‘एसडीपी’ (एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट्स) हवे असेल तर तसे स्पष्ट लिहा. त्यासाठी दात्याला तास-दीड तास यंत्रापाशी बसावे लागते, वजन किमान ५० किलो लागते आणि आधीच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. हे न कळल्याने दाता रजा टाकून येतो आणि तसाच परत जातो.

मुदत मजकुरातच हवी, कारण नंतर हात बांधलेले असतात. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. सर्वांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण इतरांनी पुढे ढकललेल्या प्रती तशाच राहतात. गरज भागली की मूळ मेसेजला रिप्लाय देऊन ‘रक्त मिळाले’ लिहावे. निदान त्या ग्रुपवर तरी साखळी थांबते. केसपेपरचा फोटो मात्र टाकू नये. मेसेजमधला फोन नंबर पाहून ‘रक्त देतो, आधी गाडीभाडे पाठवा’ म्हणणारे फोन येतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे.

पुढे पाठवणाऱ्याने आधी दिलेल्या नंबरवर एक फोन करावा. दोन बाणांची खूण असेल तर मेसेज किमान पाच हातांतून आलेला असतो. तिथे फोन केल्याशिवाय पुढे पाठवूच नये. आणखी एक: आज दिलेले रक्त एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरियाच्या तपासण्या झाल्याशिवाय कोणाला चढवत नाहीत. म्हणून रात्री दोनला ग्रुप जागे करण्याआधी रक्तकेंद्रांना फोन करावेत, ई-रक्तकोश पोर्टलवर साठा पाहावा.

ग्रुप अ‍ॅडमिननी दात्यांच्या यादीत रक्तगटापुढे शेवटच्या रक्तदानाची तारीखही ठेवावी. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांनीच पुन्हा रक्त देता येते.

– एक रक्तदान स्वयंसेवक, कोल्हापूर