दामू, बॅनर म्हणे दोन दिवस आधी दाखवायचा!

फोंडा, रविवार रात्र

प्रिय दामू,

शिव्या आधी देऊन घे, मग पुढे वाच. चवथीला फोन केला नाही, वाढदिवसाला केला नाही, आणि वहिनींचं ऑपरेशन झालं ते मला तुझ्या आईकडून मासळी बाजारात कळलं. आता बऱ्या आहेत असं काकी म्हणाल्या. माझं बीपी गोळीवर, गुडघा तसाच. आईला ऐकू कमी येतं, पण नको ते सगळं येतं. झाली प्रकृती.

पत्राचं कारण तुझा भाचा. घाबरू नकोस, पोरगा ठीक आहे. इतका ठीक आहे की आमच्या चाहत्यांच्या गटाच्या गेल्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर मला म्हातारा ठरवला, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मुळापासून सांगतो. आपल्या फुटबॉल क्लबचं नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे, आणि काकी चष्मा लावून तुझी पत्रं वाचतात हेही मला माहीत आहे. नवा मालक आल्यापासून आमच्या बाजूच्या स्टँडला तिकीट लागलं. लागू दे. पण छपराचे पत्रे अजून नाहीत, बायकांच्या संडासाला कुलूप, आणि मॅच आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी चार वाजता. चार वाजता मैदानावर कोण येणार? पेन्शनवाले, कॉलेज बुडवणारे, आणि पतसंस्थेत अर्धी रजा टाकून आलेला मी. म्हणून पोरांनी बॅनर रंगवला, मोठ्या लाल अक्षरांत: ‘चार वरांचेर आमी कामार आसतात.’ एका टोकाला धरून तुझा भाचा उभा. मॅच यूट्यूबवर लाइव्ह होती. त्याच्या साहेबाने ऑफिसात बसून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, तू चार वाजता कामावर असतोस ना?

हसलास ना? मीही हसलो. पण कॅमेरा बॅनरवर बराच वेळ थांबला होता, आणि ते वर कोणाला तरी झोंबलं.

मग आलं पत्र. आमच्या गटाला ‘अधिकृत’ करणार. मोसमभर फुकट तिकिटं, नवे ढोल, टी-शर्ट, म्हापशाला धुळेर मैदानावर मॅच असेल तेव्हा बस. कागद गुळगुळीत, भाषा गोड. आणि खाली, जिथे आपण कधी वाचत नाही तिथे, दोन ओळी. बॅनरवरचा मजकूर दोन दिवस आधी दाखवायचा, आणि पेपरवाल्यांशी बोलायचं ते क्लबच्या माणसाला विचारून.

आता सांग, विचारून रंगवलेला बॅनर कशाला म्हणायचा? त्यापेक्षा त्यांनीच छापून द्यावा, आम्ही धरून उभे राहू. रंगाचे पैसे वाचतील.

हे मी बैठकीत असंच म्हटलं. तर तुझा भाचा उठला. ‘मामा, तुमी सगल्याक नाकाच म्हणटात.’ मग मराठीत, म्हणजे भाषणाच्या भाषेत, त्याने मला धुतला. आमच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत. मिंगेलच्या ढोलाचं कातडं फाटलंय, दुरुस्तीला कोणी वर्गणी देत नाही. उन्हात उभं राहून तुम्ही स्वतंत्र राहिलात, त्याने पत्रे आले का? आत शिरून सांगितलं तर निदान कोणी ऐकेल. आणि शेवटी: ‘तुमच्या काळात तुम्ही काय केलंत?’

दामू, पोरगा चुकीचं बोलत नव्हता, म्हणून राग आला. त्याचं नाक, त्याचे हातवारे, सगळं तुझं. मला वाटलं पुन्हा तुझ्याशीच भांडतोय, ती 2005 ची मॅच ऑफसाइड होती की नव्हती यावरून. (होती.)

‘तुमच्या काळात.’ आमचा काळ म्हणजे काय होता हे त्याला कसं सांगू? 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात वर्षं देशाची लीग गोव्यात राहिली. धेंपो, धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. हो, तुमचा एकदा. मोजून एकदा. सात वर्षं आपण दोघे अंत्रुजचे, फोंड्याकडचे हिंदू पोरगे मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर सासष्टीकरांच्या मधे बसून ओरडलो, तू हिरव्यात, मी पांढऱ्यात, आणि बोरीच्या पुलावर स्कूटर थांबवून भांडलो. फक्त एकदा नाही भांडलो आपण, तेही त्याआधी. 2004 च्या डिसेंबरात, फेडरेशन कपच्या फायनलमध्ये बंगळुरूला धेंपोचा ख्रिस्तियानो ज्युनियर दोन गोल मारून मैदानात कोसळला आणि गेला, तेव्हा तू साळगावकरवाला असून रात्री घरी आलास आणि आईने केलेलं न जेवता बसून राहिलास.

आणि मग 2016. फुटबॉल फेडरेशनचा नवा आराखडा आला, ती देशाची लीग, म्हणजे आय-लीग, दुसऱ्या पायरीवर जाणार म्हणून, आणि त्याच्या निषेधात साळगावकर, स्पोर्टिंग, मागोमाग धेंपो, तिघेही बाहेर पडले. कारणं त्यांच्या जागी बरोबर असतील, त्यावर तू आणि मी पुष्कळ तोंड वाजवलं. पण त्या संध्याकाळी तिस्कावरच्या गाड्यावर आठवतं का? रोंस-आमलेट निवत होतं. तू म्हणालास, चल, पत्र लिहूया, फेडरेशनला एक, क्लबांना एक. पेन काढलंस. आणि मग विचारलंस, सही कोणाची करायची? धेंपोचा एक आणि साळगावकरचा एक, दोन माणसं. कोणाच्या वतीने? स्टँडमध्ये हजारो होते आणि पत्राखाली लिहायला एक नाव नव्हतं. पेन परत खिशात.

हा गट त्यातून निघाला ना रे? तू इंग्लंडात स्विंडनला जाण्याआधीच्या त्या गप्पांतून? म्हणून तुलाच लिहितोय. इथे कोणाला सांगितलं तर म्हणतात, फुकटची बस सोडतोय, खुळा आहे. फुकटची बस मलाही हवी आहे, गुडघा माझाच आहे. पण पुन्हा एकदा 2016 सारखं काही झालं, तर ‘अधिकृत’ गट कोणाला पत्र लिहिणार? पत्राचा मजकूर दोन दिवस आधी दाखवून?

तुझ्या भाच्याला मी तुझ्याच फुशारक्या ऐकवल्या. सांगितलं, तुझ्या त्या मामाच्या गावात, स्विंडनला, चाहत्यांच्या ट्रस्टने क्लबच्या जोडीने नगरपालिकेकडून मैदानच विकत घेतलं, 2023 मध्ये. (तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी फेकू म्हटलं होतं. नंतर वाचलं, खरं निघालं. पण त्याचा हिशेब ऑफसाइडमध्ये धरू नकोस.) लिव्हरपूलचंही सांगितलं. 2016 च्या फेब्रुवारीत 77 पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हजारो लोक 77व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. संघ 2-0 ने पुढे होता, सामना 2-2 सुटला, आणि काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षीच्या मोसमापासून पाहुण्या चाहत्यांचं तिकीट प्रीमियर लीगमध्ये 30 पौंडांवर जात नाही, तेही गटांनी वर्षानुवर्षं मागे लागून मिळवलेलं. आणि हे लोक क्लबच्या टी-शर्टावर जगत नव्हते.

तर पोरगा म्हणतो, ‘मामा, आपण 77व्या मिनिटाला उठलो तर कोणाला कळणार? अर्धे आधीच चहाला गेलेले असतात.’

सगळे हसले. मीही. बैठक तिथेच संपली, निर्णय झालाच नाही. पण नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा ग्रुप झाला, त्यात मी नाही. मिंगेल आहे, तो दोन्हीकडे अंगठा दाखवतो.

माझं म्हणणं इतकंच आहे, आणि तेही मी अजून धड मांडलेलं नाही, कारण पोरांसमोर माझा आवाज चढतो. तिकिटं घेऊ नयेत. बस घ्यायची तर भाडं देऊन, पावतीसकट. महिन्याला वीस रुपये वर्गणी, नाही तर ढोल फाटकाच वाजवू. आणि संस्था म्हणून नोंदणी करू, 1860 च्या कायद्याखाली सात सह्या लागतात. कधी वाटलं नव्हतं सात सह्यांची चिंता पडेल. काल झोपताना मोजत होतो: मी, आंतोन, शेणवी मास्तर (त्यांना वाटतं ही क्रिकेटची संस्था आहे), पदेराचा मुलगा... आणि तिथेच अडलो. पोरं आली तर सातावर कितीतरी होतील. पोरं आली नाहीत तर आम्ही चार म्हातारे आणि एक लाल बॅनर. तुझी सही चालली असती, पण तू आता पोर्तुगीज. तुझा तो गाववाला रोनाल्डोही तसाच, त्याचा क्लब अल नस्र ऑक्टोबरात फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला आणि हा आलाच नाही. हरलो 2-1 ने, पण ब्रायसनचा गोल पाहायला हवा होतास.

तुझं कसं? नाइट शिफ्ट संपली का? थंडी, घरभाडं वगैरे चालूच असेल. मुलीला बिचारीला मराठी येतं की विसरली? धेंपो 2024 मध्ये आय-लीगमध्ये परतला, हे तुला मुद्दाम कळवतो.

काम दोन. एक, त्या तुमच्या ट्रस्टची नियमावली मिळाली तर पाठव, पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत ते कसं लिहितात तेवढंच बघायचंय. दुसरं, भाच्याला फोन कर. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. त्याला फक्त त्या रोंस-आमलेटच्या संध्याकाळचं सांग, तुझ्या तोंडून. माझ्या तोंडून त्याला भाषण वाटतं. बैठक पुढच्या रविवारी आहे, त्याच्या आत कर. शनिवारी तो नरकासुराच्या वर्गणीचा हिशेब मिटवायला पोरांबरोबर असतो, तेव्हा करू नकोस, सगळे स्पीकरवर ऐकतील.

तुझा,
विनू

ता. क. काकींनी तुझ्यासाठी खाजं आणि सोलं माझ्याकडे आणून ठेवलीत, येणारा कोणी असेल तर कळव. खाजं संपत आलंय.